जोत्याची उंची

कोयनाकाठ, तालुका पाटण
ता. ११ डिसेंबर १९४९

प्रिय जोतिबा यास आकारामचा रामराम.

कोरेगावी सगळे खुशाल. धाकटीला दात येताहेत, म्हणून घरात कुणालाच झोप नाही. माझं मोजणीचं काम सध्या तुमच्याच वाडीजवळ चालू आहे. मुक्काम छावणीत, पण भाकरी तुझ्या आईकडे. मावशीनं मला चांगला माजवलाय. तुझ्या वाटणीचं दूधही मीच पितो, राग मानू नकोस.

शाळेत आपण कुरकुरायचो, हे गणित शिकून करायचं काय. आता बघ. तू तोफखान्यात कोन धरून गोळा कुठं पडेल ते काढतोस. तुमच्या नव्या घराचा गवंडी धुळा दोरीला तीन, चार, पाच हातांवर गाठी मारून कोपरा काटकोनात आणतो. मी दुर्बिणीतून उभ्या काठीवरचे आकडे वाचतो आणि बेरीज-वजाबाकी करून कुठली जागा नदीपेक्षा किती उंच ते सांगतो.

नवं घर जोत्यापर्यंत आलंय. तू रजेवर येशील तोवर ते उभं करायचंच, असा मावशीनं हट्ट धरलाय. गेल्या आठवड्यात माझी वाट अडवून म्हणाली, "आकारामा, तुजी दुर्बीण माज्या जोत्याला बी लाव की रं. सरळ हाय का बघ."

लावली. चारी कोपरे सारखे निघाले. धुळानं मिशीवर हात फिरवला, मावशीनं सगळ्यांना गूळ वाटला. पण गड्या, दुर्बीण लावली की उंची कळतेच. ती मला नको होती.

तेव्हापासून मला बरं नाही. ताप नाही, खोकला नाही. मावशीच्या जुन्या घराचा उंबरा ओलांडला की आपोआप श्वास कोंडतो. जेवताना मी आढ्याकडे बघत बसतो. मावशी चुलीपुढं बोलत असते, तिचे ओठ हलताना दिसतात आणि आवाज फार लांबून येतो. परवा भर दुपारी अंगणातल्या फणसाच्या फांद्या हलत होत्या. वारा मुळीच नव्हता. पाण्याच्या ओढीनं हलताहेत असं वाटलं आणि मी ताट तसंच टाकून बाहेर पळालो. मला भीती वाटते, जोतिबा.

आता सांगतोच. या खोऱ्यात धरण बांधता येईल का, ते आम्ही बघतोय. होईलच असं नाही, ते वरचे लोक ठरवतील. झालंच तर पाणी कुठवर चढेल त्याची चुन्याची खूण आम्ही डोंगरात केली आहे, करवंदीच्या जाळ्यांच्याही वर. तुमची वाडी तिथून खाली कौलांच्या तुकड्यांसारखी दिसते. मी सगळं गणित पुन्हा केलं. मग उलटीकडून मोजत आलो. जन्मात पहिल्यांदा आपलं उत्तर चुकावं म्हणून देवाला हात जोडले. साहेब म्हणाले, काम चोख आहे.

बाहेर बोलायचं नाही अशी ताकीद आहे. पण काल मावशी म्हणाली, शुक्रवारी दाराची चौकट बसवायची, आणि जोतिबाच्या जागी तू चौकटीला हात लावायचास. मग राहवलं नाही.

"मावशी, घर थांबव. हितं पाणी येनार हाय."

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "नदीचं?"

"व्हय."

"किती?"

"लय."

तिनं सूप खाली ठेवलं, थोडा विचार केला आणि धुळाला हाक मारली. "धुळा, जोतं आजून हातभर उचल रं. माज्या लेकाचं घर भिजाया नगं."

तिनं जन्मभर पूर पाहिले. पूर येतो, चिखल टाकून जातो. हे पाणी राहायला येणार आहे, एवढं मला पुढं बोलता आलं नाही. ती पुन्हा तांदळात खडे शोधू लागली.

आज सकाळपासून धुळा दगड घडवतोय. ते घाव इथं छावणीपर्यंत ऐकू येतात. मावशी माझं ऐकायची नाही, तुझं ऐकेल. मिळेल ती रजा काढून ये. तिनं विचारलेला आकडा माझ्या तोंडातून निघत नाही, म्हणून तुला लिहितो. तो तूच तिला सांग.

काल तुमच्या जोत्यावर एकशे वीस फूट पाणी होतं. धुळाचं काम झालं की एकशे साडेअठरा.

तुझा भाऊ,
आकाराम