पिल्ले कमी होण्याच्या कारणांत माझे नाव घालणेबाबत

प्रति,
मा. उपसंचालक,
कमळपक्षी संरक्षित पाणथळ,
शुएलिन, दक्षिण तैवान.

विषय : पाणथळाची प्रकृती बिघडवणाऱ्या घटकांच्या यादीत माझे नाव समाविष्ट करणेबाबत.
संदर्भ : आपला दि. ६ सप्टेंबरचा अहवाल.

महोदय,

१. मी या पाणथळावर चौदा वर्षे पहारेकरी आहे. यंदा कमळपक्ष्यांची एकोणीस पिल्ले निघाली, तीन उरली. अहवालात घटक पाच दिले आहेत : उष्णता, अपुरा पाऊस, शेवाळ, भटकी कुत्री व शेजारच्या शिंगाड्याच्या तळ्यातील कीटकनाशक. पाचव्यामुळे श्री. ल्याव चिन-फू यांचा तळ्याचा करार महिनाअखेर रद्द होत आहे. ल्याव औषध मारत नाहीत. ते किडे हाताने वेचतात आणि गाव त्यांची टिंगल करते. टिंगल करणाऱ्यांत मीही होतो.

२. सहावा घटक मी आहे. गेल्या वर्षी माझ्या पोटाची शस्त्रक्रिया झाली. जखम भरावी म्हणून आमच्याकडे मरळ माशाचे सूप देतात. आईने आठ जिवंत मरळ आणले, पण कापले नाहीत. म्हणाली, "एकाला वाचवायला आठ मारायचे? छट्! सोडून देऊ, पुण्य तुला लागेल." मंदिराचे तळे अशाच सोडलेल्या कासवांनी भरलेले आहे, म्हणून तिने पाणथळ निवडले. पहारा माझाच असल्याने अडवायला कोणी नव्हते. आईने मासे पाण्यात सोडले, तेव्हा मी टोपी काढून हात जोडले.

३. जुलैत मी डोळ्यांनी पाहिले. पिल्लू पाणथळातील शिंगाड्याच्या पानांवरून चालत होते, पाणी उसळले, मरळाचे तोंड दिसले आणि पिल्लू दिसेनासे झाले. या पक्ष्यांत पिल्ले बाप वाढवतो. तो दुपारपर्यंत त्या पानाभोवती फिरत राहिला. मी नोंदवहीत कारण लिहिले : उष्णता. मला त्याची लाज वाटते. नोंदवहीचे ते पान सोबत जोडले आहे.

४. हे मी तोंडी कळवले असता कार्यालयातील श्रीमती पान म्हणाल्या, "काका, फॉर्ममध्ये माणसाचा रकानाच नाही हो. शेवाळात घालू का तुम्हाला?" तूर्त तसे केले तरी माझी हरकत नाही.

५. ल्याव यांचा करार राहू द्यावा, शिक्षा मला द्यावी, मरळ पकडावेत. आईला मात्र कळवू नये. ती एक्याऐंशी वर्षांची आहे आणि मी त्या आठ माशांमुळे जगलो असे गावभर सांगते.

६. माझी यंदाची तपासणी चांगली निघाली. त्या आनंदात तिने आणखी आठ मरळ आणून न्हाणीघरात ठेवले आहेत. ते येत्या पौर्णिमेला सोडायचे आहेत. त्या दिवशी पहाऱ्यावर कृपया दुसरा माणूस नेमावा. ती समोर येऊन उभी राहिली, तर मी बाजूला होईन.

आपला अपराधी आणि नम्र,
छ्यू तियन-शुन
पहारेकरी
दि. १४ सप्टेंबर