टॅन्सीचं बसणं

७ जानेवारी

वेन्डेलला आज घराबाहेर काढलं. सख्खा भाऊ असला म्हणून काय झालं!

दर रविवारी माझ्याकडे आंघोळीला येतो, त्याच्या केबिनला नळ नाही म्हणून. दारात पाऊल टाकलं की टॅन्सी धावत जाते आणि त्याच्या पुढ्यात बसते. ढिम्म! नाक वर, नजर माझ्याकडे — सापडलं, आता बक्षिसाचा खेळायचा टॉवेल दे. पोलिसातली कुत्री ती, नोकरी करते बिचारी. आणि हा दात काढतो. "ताई, गांजाच्या दुकानात काम करतो, मग वास काय गुलाबाचा येणार? आता कायदेशीर आहे गं!"

कायदेशीर म्हणे. ज्याच्यासाठी मी अर्धं आयुष्य लोकांच्या डिक्क्या उघडल्या, ते आता माझा भाऊ पुड्या बांधून विकतो. म्हटलं, ती नोकरी सोडशील तेव्हा ये आंघोळीला. ओल्या केसांनी गेला. बाहेर उणे अडतीस. थांबवलं नाही मी.

१० जानेवारी

साहेबानं, हार्लननं, खोलीत बोलावून दार लावलं. तेव्हाच ओळखलं.

कोर्टात आरोपीच्या वकिलानं विचारलं होतं — ही कुत्री चार वासांना बसते. हेरॉईन, कोकेन, क्रिस्टल मेथ आणि गांजा. गांजा आता गुन्हा नाही. मग माझ्या अशिलाच्या गाडीपाशी ती नेमकी कशाला बसली? टॅन्सी काय सांगणार! चारही वासांना एकच बसणं. केस गेली.

"आयरीन, घरी ने तिला. म्हातारपण सुखात जाऊ दे."

म्हातारपण! सातवं वर्ष लागलंय तिला. म्हटलं, गांजा तिच्या डोक्यातून काढते. सहा आठवडे द्या. हसला मेला. "जन्मभर शिकवलेलं सहा आठवड्यांत?" पण दिले. तेवीस फेब्रुवारीला परीक्षा. नापास झाली तर ती घरी आणि मी फायलींच्या खोलीत. दुसरा कुत्रा मिळणार नाही, तेही सांगून टाकलं.

११ जानेवारी

उपाय एकच. रोज गांजाच्या दुकानात न्यायचं. बसली तर टॉवेल नाही, शाबासकी नाही, शब्द नाही. मग कचेरीच्या गॅरेजात बाकीचे तीन वास लपवायचे. तिथं बसली की टॉवेल, ओढाओढी, लाड.

गावात पाच दुकानं. वेन्डेलचं सोडून चार. त्याची पायरी मी चढणार नाही.

पहिल्यातच डोकं फिरलं. गालिचा काय, गिटारचं संगीत काय, बरण्या अशा मांडल्यात की मुरंब्याचं दुकान वाटावं! हिरव्या केसांची पोरगी मला म्हणते, "ओळखपत्र?" मी गणवेशात! आणि चेहऱ्यावर पन्नास वर्षं स्वच्छ लिहिलेली!

टॅन्सी पहिल्याच बरणीपाशी बसली. मी भिंतीकडे बघत राहिले. तिनं वाट पाहिली. मग एकदा बारीक आवाज काढला. आम्ही निघालो.

१६ जानेवारी

चार दुकानं, चारदा बसली.

१९ जानेवारी

रेल्वे यार्डामागचं दुकान लाइलचं निघालं. पाच वर्षांपूर्वी टॅन्सी याच्याच ट्रकपाशी बसली होती, दीड वर्ष आत होता. आता मालक! लोकरी टोपी, पोट सुटलेलं.

"या या, बाई! जुन्या ओळखी! हिच्यामुळे तुरुंगात वाचायला शिकलो. बिस्किट देऊ का तिला?"

"हात लावू नकोस."

"अहो, तुमचंच काम बघतो आहे ना मी. सगळा माल एका जागी. शोधायला नको!"

गिऱ्हाइकं खदखदली. टॅन्सी त्याच्या काउंटरपाशी ताठ बसलेली, आणि बरोबर तिचंच! मला तिचा पट्टा ओढून तिला खोटं पाडावं लागलं. गाडीत बसून रडले. रागानं, दुसरं काही नाही.

२७ जानेवारी

टॅन्सी जेवत नाही. वाडग्यातलं हरणाचं मटणसुद्धा तसंच. माझ्याकडे असं बघते, जसं काही मीच चोर.

गॅरेजातही बसेना आज. कोकेनचा डबा हुंगला आणि माझ्या तोंडाकडे पाहत उभी राहिली — बसू की नको? मी जमिनीवर बसून हातानंच तिला दाखवलं, बस, इथं बस, इथं खरं आहे. बसली. टॉवेल दिला. दहा मिनिटं सोडला नाही तिनं.

गांजा खुला केला त्याला हे लोक सुधारणा म्हणतात! एका मुक्या जिवाची अक्कल नासवायची आणि वर बरण्यांना रिबिनी बांधायच्या.

२८ जानेवारी

रविवार. वेन्डेल आला नाही. मीही फोन केला नाही.

६ फेब्रुवारी

नाही बसली!!

हिरव्या केसांच्या पोरीकडे. बरणी हुंगली, कान हलवले, पुढे गेली. "अगंबाई, शिकली की!" पोरगी टाळ्या वाजवायला लागली. मी म्हटलं, गप्प बस. पण बाहेर येऊन टॅन्सीला मिठी मारली. मिशांवर बर्फ तिच्या, माझ्या पापण्यांवर बर्फ.

१४ फेब्रुवारी

सलग सात दिवस. चारही दुकानं. लाइलनं मुद्दाम मूठभर माल नाकासमोर धरला, तरी नाही. चेहरा पडला त्याचा! "बाई, मला जरा वाईटच वाटतंय," म्हणाला. वाटू दे.

गॅरेजात तिन्ही वासांना लगेच बसते. शंका नाही, आवाज नाही.

२३ फेब्रुवारी

पास!

वीस डबे. नऊ गांजाचे, आठ रिकामे, तीन खरे. नऊंवर थांबलीसुद्धा नाही. तिन्हींवर बसली, फक्त तिन्हींवर. हार्लननं दुसऱ्यांदा करून घेतलं, डबे बदलून. पुन्हा तेच. "आयरीन, आता ही बसली की वकिलांनी तोंड उघडायची सोय नाही." कागदावर सही केली त्यानं माझ्यासमोर.

घरी येऊन वेन्डेलला फोन केला. जवळजवळ सात आठवड्यांनी. म्हटलं, नोकरी राहू दे तुझी, आंघोळीला ये. कुत्री आता तुझा अपमान करणार नाही. मग म्हणाला, "येतो, ताई."

२५ फेब्रुवारी

वेन्डेल आला. केक आणला टॅन्सीच्या नावाचा.

तिनं त्याचा कोट हुंगला. आणि बसली. नाक वर, नजर माझ्याकडे.

"दुकानाचा वास गं, ताई," म्हणाला, हसला, आंघोळीला गेला.

टॅन्सी गांजाला बसत नाही.

आत पाणी पडतंय. कोट खुंटीवर आहे. तिला टॉवेल दिला. खिशात हात घालायचा मला धीर होत नाही.