नात्याचा रकाना

४ तारीख, सोमवार

लागलो एकदाचा कामाला. पार्सल कंपनी, मागच्या बाजूला एक बुटकी खोली, त्यात घरघरणारा जुना सर्व्हर आणि शेजारी कोराकरकरीत नवा. जुन्यावरचा सगळा डेटाबेस नव्या व्हर्जनवर न्यायचा, हे माझं काम. कॉलेज अर्धवट सोडून मी वाया गेलो असं आईला वाटतं. वाटू दे. काउंटरवर जी बसते तिने आज आपणहून विचारलं, नवीन का. एवढ्यावर महिनाभर जगेन मी.

५ तारीख, मंगळवार

दाढीवाल्या साहेबांनी समजावलं. जुनं व्हर्जन गरीब, काहीही खपवून घ्यायचं. नवं खडूस. रकाना रिकामा दिसला की ती नोंद बाहेर. म्हणून आधी स्टाफच्या नोंदी घे, ज्याची जन्मतारीख नाही त्याला गाठून विचार, नाहीतर त्याचं नावच उरणार नाही, म्हणाले आणि हसले. गोदामातल्या काकूंनी तारीख सांगितली, साल मात्र तूच घाल म्हणाल्या, पण वय मोजताना हात जरा आखडता ठेवून. ते ऐकून काउंटरवर ती खळखळून हसली. किती वेळ तरी काम सुचेना.

६ तारीख, बुधवार

एक ड्रायव्हर आहे. सारखी एकच धून शिट्टीवर वाजवतो, म्हणून सगळे त्याला शिट्टीच म्हणतात. आज ती त्याच्या मोटारसायकलवर मागे बसून आली. उतरताना त्याच्या खांद्यावर हात. दुपारी डबाही दोघांत एकच. म्हणजे हे असं आहे तर. मग माझ्याशी गोड बोलायचं कशाला? जन्मतारीख नसलेल्यांत तोही होता. नाही विचारली. बसू दे बोंबलत. तशाच पाठवल्या ड्रायव्हरांच्या नोंदी.

७ तारीख, गुरुवार

शिट्टी आला नाही. साहेब म्हणे, कोण शिट्टी? काकूही तेच. नवा आहे म्हणून सगळे मिळून माझी खेचताहेत, दुसरं काय. काकूंवर ओरडलोसुद्धा. ती मात्र चालत आली, घामाघूम होऊन, आणि गेटवर रस्त्याकडे बघत उभी राहिली. विचारलं तर म्हणाली, कुणास ठाऊक, वाट बघावीशी वाटली. मग काम करता करता तीच धून गुणगुणत होती. कुठे ऐकली ते तिला आठवेना.

८ तारीख

जुन्या सर्व्हरवर शिट्टीची नोंद उघडली. पहिल्यांदा पूर्ण वाचली. नातेवाईक: तिचं नाव. नातं: बहीण.

भाऊ होता तो तिचा.

तिला आडून विचारलं. एकुलती एक आहे, म्हणाली. मनानेच कुठलीतरी तारीख ठोकायला परत आलो, तर नोंद जागेवर नाही. मी पुसलेली नाही. मग कोणी?

९ तारीख

काउंटरच्या नोंदी पाठवल्या. तिची अडकली. नातेवाईक म्हणून तिने शिट्टीचं नाव दिलंय, आणि नवं व्हर्जन म्हणतं, असा माणूसच नाही. बाहेर धावलो. खुर्ची रिकामी. टेबलावर तिची पर्स, आणि साहेब विचारताहेत, ही कुणाची—

त्याचं नाव काढलं. माझं घातलं. दुसरं काही सुचलं नाही. नव्या व्हर्जनने घेतली नोंद.

ती खुर्चीत बसून पर्स आवरत होती.

११

घाईत नुसतं नाव बदललं. पुढचा रकाना तसाच राहिला— भाऊ.

सकाळी मला दादा म्हणाली. गेटवर थांबला नाहीस म्हणून रुसली. डबा उघडून अर्धा माझ्यापुढे सरकवला.

दुरुस्त करायला धावलो. साहेबांनी दारातच अडवलं. तुझं काय काम इथे, शिट्टी, गाडी काढ म्हणाले. खिशात किल्ली आहे— मी गाडी चालवायला कधी शिकलो—

१२

तिच्या घरचा रस्ता पाठ आहे. कधी गेलेलो नाही तिथे. गेलोय? आईचा चेहरा डोळ्यांपुढे आणतो, तर तिचीच आई—

विसरायच्या आत लिहून ठेवतो. ती माझी बहीण नाही. ती माझी