भुशाचा खिसा

३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न.

महिन्यात दुसऱ्यांदा हॉस्पिटलातून परत आले. दोन पायऱ्या चढले की बसावं लागतं. गाद्या-उशा शिवणं बंद केलं, घरात कापसाचा बोटभर पुंजकाही ठेवला नाही, तरी दमा आपला तिथंच. आता डॉक्टरीणबाई म्हणतात, रक्तात एका जातीच्या पांढऱ्या पेशी फार वाढल्यात, त्या कमी करायला दर महिन्याला इंजेक्शन घ्या. अगं, पांढऱ्या पेशी म्हणजे अंगाचे राखणदार ना? त्यांनाच विष घालायचं? नको म्हणून निघून आले. रविवारी शिवणयंत्र बघायला गिऱ्हाईक येतंय.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझी धाकटी

७ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

सुईवर पोट भरतेस आणि सुईलाच घाबरतेस. राखणदाराचं निमित्त मला सांगू नकोस. वाचनालयातून पुस्तक आणून दोनदा वाचलं. या पेशी कामाच्याच, पण काहींच्या अंगात त्यांची फार गर्दी होते आणि श्वासाच्या नळ्या आतून सुजतात. चोर गेला तरी कुत्रं थांबत नाही, घरच्यांनाच चावतं, तसं. त्याला विष नाही, साखळी घालायची. धूळ टाळावीच, पण तेवढ्यानं प्रत्येकाची सूज उतरत नाही.

तुझ्या भावजींनी सुतारकाम सोडलं, रंधा माळ्यावर गेला. मग ते खिडकीशी बसून राहिले. दमा हटला नाही, माणूस मात्र तेव्हाच निम्मा गेला. त्यांचं रक्त असं कुणी तपासलं नव्हतं. परवा त्यांच्या कोटाच्या खिशात चिमूटभर भुसा सापडला. झटकायला अंगणात गेले आणि तसाच घेऊन परत आले.

आता आणखी कुणाला खिडकीशी बसलेलं मला बघवणार नाही. आधी इंजेक्शन घे, मग यंत्राचं बघ.

तुझ्या दोन ओळींची वाट बघते.
ताई

२० जून

ती. ताईस,
शि. सा. न.

तीन इंजेक्शनं झाली. पहिल्या वेळी डोळे मिटून बसले होते. नर्सनं काय काम करता विचारलं, शिवणकाम म्हटलं, तर सगळी खोली हसली. दम्याचा पंप चालूच आहे, जिना अजून थांबत थांबतच चढते. पण या महिन्यात हॉस्पिटलात राहावं लागलं नाही. यंत्र बघायला आलेल्याला दोरा तुटतो सांगून परत पाठवलं. काल तेल घातलं.

तो कोट पाठवून दे. तोंडाला फडकं बांधून बसेन. खिसा भुशासकट शिवून देते, म्हणजे सांडायचा नाही.

माया आहेच, ती राहू दे.
तुझी धाकटी