हरकतीची पोच

रविवार, २० जून १९९३

चि. कमळाकर भावोजींना,

गोदावरी वहिनीचे अनेक आशीर्वाद. सुमतीला आणि मुलांनाही सांगा. इकडे सगळे बरे आहोत. तुमच्या पाठीचं दुखणं कसं आहे ते कळवा.

दोन वर्षांनी लिहिते आहे. उरण काही लांब नाही, एस.टी.नं तासाभराचं. पण गाव सोडताना तुम्ही सांगितलंत, इथलं कोणी माझ्या दारात येऊ नका. ते मी स्वतःलाही लागू धरलं.

सुनेला, दिपिकाला, आठवा महिना लागला आहे. भावेशनं नव्या सेक्टरात तळमजला बांधला, मीही त्यांच्याबरोबर असते. घर हवेशीर आहे. जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांत जो प्लॉट मिळाला, त्यावरच. प्लॉट नेमका कुठे आला हे तुम्हाला कोणी सांगितलं असेल. आपल्याच खाजणात, खाडीकाठच्या त्या सखल जमिनीत, बांधाच्या आतल्या अंगाला. समोर नवा रस्ता, दोन पुरुष उंच. बांधातलं भरतीचं दार, आपली उघाडी, त्याच्या पोटात गेली.

आज अमावस्या. दुपारी भरतीच्या वेळेला न्हाणीच्या जाळीतून पाणी वर आलं. आभाळ कोरडं होतं. मी बोट बुडवून चव घेतली, खारट. पाण्याबरोबर एक निवटी आली आणि डोळे वर काढून फरशीवर बसली. दिपिका हसली. म्हणाली, "आई, बाजारात जायाचं कामच नाय आता. मासली घरपोच."

मला हसू आलं नाही. हे असते तर त्यांनाही आलं नसतं.

भावोजी, तुम्ही एकदा येऊन जागा बघाल का? बाकी काही नाही.

आपली,
गोदावरी वहिनी


सोमवार, ५ जुलै १९९३

चि. कमळाकर भावोजींना, आशीर्वाद.

पहिलं पत्र पोहोचलं असेल असं धरून लिहिते.

परवा पौर्णिमेला पाणी न्हाणीतून स्वयंपाकघरात आलं, घोट्यापर्यंत. दोन तास थांबलं. ओहोटी लागली तरी सगळं गेलं नाही. रस्त्याखाली पाईप टाकले आहेत, पण ते उंचावर आणि त्यांना फळी नाही. मोठी भरती आली की पाणी आत येतं, परत जायला वाट नाही. आपल्या उघाडीचं उलट होतं. भरतीला फळी पाडायची, ओहोटीला वर घ्यायची, एवढंच काम. पण ते तुमच्या घराण्यानं तीन पिढ्या केलं. हे जेवणाच्या ताटावरून उठून जायचे. मी चिडायचे. आता ताट वाढताना आठवतं.

काल शाळेत सभा झाली. नव्या शहराच्या योजनेच्या ऑफिसातले इंजिनिअर आले होते, तरुण आहेत, नीट बोलतात. खांदा कॉलनीतले चार-पाच जणही आले होते. आपल्या पोरांनी रस्ता फोडायची भाषा केली, तेव्हा त्यांतले एक गृहस्थ उठले. "रस्ता फोडलात तर आमची बस बंद. आम्ही स्टेशनला जायचं कसं? आम्हीही कर्ज काढून घरं घेतलीत."

धर्मराज भोईर बसल्या जागेवरून ओरडला, "होडी घ्या! आमी शिकवू वल्ही मारायला. फी नाय घेणार."

सगळे हसले. ते गृहस्थही हसले, मग खाली बसले. त्यांचंही खोटं नव्हतं.

इंजिनिअरांनी नकाशा भिंतीला लावला. हरकतीच्या वेळचा तोच नकाशा, भावोजी. सगळं खाजण पिवळं, म्हणजे घरं बांधायची जागा. मधून रस्त्याच्या दोन लाल रेघा. निळा रंग कुठेच नाही. इंजिनिअर म्हणाले, "मी नवीन आहे. पण आराखडा तीस दिवस लोकांसमोर होता. गावानं तेव्हा लेखी हरकत का घेतली नाही?"

मग जो गोंधळ झाला. "घेतली हाय! दोनशे आंगठे हायेत त्यावर!" विठूदादा मागच्या बाकावर होते. सरपंचपद गेल्यापासून ते मागेच बसतात. ते उठून म्हणाले, "ती हरकत मी खाल्ली म्हनून कमळाकरनं या शाळेत माजी गचांडी धरली. आज साहेबांना विचारा, हरकत कुठं हाय. मलापन ऐकायची हाय."

साहेब म्हणाले, फाइल बघून सांगतो.

मी बोलले नाही. माझा घसा बसला आहे दोन दिवस.

सभा संपल्यावर साहेबांना बाहेर गाठलं. त्यांनी मला एक गोष्ट कबूल केली. अख्खा रस्ता उकरता येणार नाही, पण जुन्या उघाडीची जागा, म्हणजे खाडीचा सगळ्यात खोल नाळा, कोणी हातभराच्या फरकानं दाखवली, तर तेवढंच खणून फळीचा पाईप टाकतील. मशीन रस्त्यावर उभंच आहे. गावात चौघांना विचारलं. चौघांनी चार जागा दाखवल्या. खुणेची बाभूळ गेली, झोपडी गेली, बांध गेला. उघाडीचा उंबरा बसवताना पाण्यात दोघंच उतरला होतात, हे आणि तुम्ही. हे आता नाहीत.

येत्या १९ तारखेला आषाढातली अमावस्या आहे. त्या भरतीला जुन्या दिवसांतही बांधावर माणसं उभी असायची, हे तुम्हाला मी काय सांगायचं.

दिपिकाला म्हटलं, माहेरी जा. ती म्हणते, "आई, तुमाला दर भरतीला ताप येतो." भावेश म्हणतो, नवीन घर टाकून गेलो तर लोक हसतील. मी जोर करून सांगू शकत नाही. जोर कुठून आणायचा?

या, भावोजी.

गोदावरी


शुक्रवार, १६ जुलै १९९३

कमळाकर भावोजी,

हे पत्र पोस्टात टाकलं तर वेळेवर मिळणार नाही. शेजारची सुनीता उद्या पहाटेच्या गाडीनं उरणच्या बाजाराला येते आहे, तिच्या हाती देते. तिला यातलं काही माहीत नाही.

तुमचं कार्ड मिळालं. तीनच ओळी. "हरकत दिली होती. ऑफिसनं शिक्का मारून पोच दिली असेल. पोच वहिनींकडे असेल, ती साहेबांसमोर टाका, मग मी येतो."

दोन वर्षांत पोच कोणीच मागितली नव्हती. नवरा जाऊन पंधरा दिवस झालेल्या बाईला कोण विचारणार?

पोच नाही. मी हरकत दिलीच नाही.

आता सुरुवातीपासून लिहिते. भावेशच्या पुस्तकांवरून मी अक्षरं शिकले, तेव्हापासून गावाचा कागद माझ्याकडे यायचा हे तुम्हाला ठाऊक आहे. ह्यांना अंथरुणातून उठवत नव्हतं, तरी ती हरकत त्यांनीच सांगितली. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. खाडीची तोंडं किती, उघाडी कोणत्या नाळ्यावर, रस्ता करायचा तर करा पण तिथे फळी ठेवा. मध्येच दम लागायचा, मग मी पेन धरून बसायचे. दोन पानं लिहायला चार दिवस लागले. त्यानंतर ते फार बोलले नाहीत. मुदत संपायच्या आत देता यावी म्हणून तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी एकटी ऑफिसला गेले.

खिडकीशी रांग होती. माझ्या पुढच्या माणसानं हातातला कागद बघून विचारलं, "मावशी, हरकत का? प्लॉटचा अर्ज पन केलाय ना? मग विसरा. हरकत घेतली त्या गावाचे प्लॉट सुनावनी होईपर्यंत अडकले. धा वर्सं." तो कोण, कुठला, मला माहीत नाही. खरं बोलत होता की नाही, तेही मी कोणाला विचारलं नाही. दिपिकाच्या वडलांनी प्लॉटचा कागद बघितल्याशिवाय लग्नाची तारीख धरणार नाही म्हणून सांगितलं होतं. हे गेले, आता पोराचंही अडणार, एवढंच डोक्यात आलं. माझा नंबर आला तेव्हा मी बाजूला झाले. मागच्या बाईला म्हटलं, तुम्ही व्हा पुढे.

घरी येताना ठरवलं होतं, उद्या देऊ. दारात विठूदादा उभे होते. "दिली का, वहिनी?" मी होकारार्थी मान हलवली.

पुढे रस्त्याचं काम सुरू झालं आणि विठूदादांनीच ऑफिसात सांगून हरकत दाबली असं धरून तुम्ही त्यांची गचांडी धरलीत. मी तिथे होते. बायकांच्या बाजूला, दुसऱ्या रांगेत. एक शब्द बोलले असते तर तुम्ही गाव सोडलं नसतं आणि त्या माणसाच्या मुलीचं जमलेलं लग्न मोडलं नसतं. मी पदर धरून बसले. पुढच्या महिन्यात आम्हाला प्लॉटचं पत्र आलं. दोनदा वाचलं. आनंद झाला होता, भावोजी, तेही लिहिते.

नकाशात बघून मला कळलं होतं प्लॉट कुठे आहे ते. ह्यांच्याच दोन पानांवरून कळलं. तरी पाया खणताना मी नारळ फोडला.

काल पाणी नसतानाही भिंतीला हात लावला तर गार. मीठ फुटलं आहे, बोटाला पांढरं लागतं. गावच्या विहिरीचं पाणी गुरं तोंडाला लावत नाहीत. मुंग्या अंडी घेऊन खिडकीच्या वर चढल्या आहेत. साहेबांचं मशीन सोमवारपर्यंतच इथे आहे, मग दुसऱ्या कामावर जाईल.

भावेशला आज दुपारी सांगितलं. तो उठून बाहेर गेला, अजून आला नाही. दिपिका इतकंच म्हणाली, "म्हनून तुमी मला जा जा करत व्हत्या." मग तिनं कपाटातून पिशवी काढली आणि कपडे भरायला घेतले. माझ्याकडे बघितलं नाही. तिच्या वडलांना निरोप गेला आहे, ते रविवारी बैलगाडी घेऊन येतील. पण शेजारच्या घरांत नऊ पोरं आहेत. त्यांची माणसं हलायला तयार नाहीत, आणि मी काय म्हणून सांगावं त्यांना? ज्या बाईवर विश्वास ठेवून त्यांनी आंगठे केले, तीच मी.

रविवारी सकाळी नऊ वाजता शाळेच्या ओट्यावर मी ती दोन पानं वाचणार आहे, दोनशे आंगठ्यांसकट. विठूदादांना स्वतः जाऊन बोलावलं. का ते विचारलं नाही त्यांनी. म्हणाले, "येतो. चष्मा आनतो." लोक मला काय करायचं ते करतील. तुम्ही आलात किंवा नाही आलात तरी मी वाचणार.

पण वाचून पाणी थांबत नाही. उघाडीची जागा त्या पानांत शब्दांत आहे, बोट ठेवून दाखवायला माणूस लागतो. माझ्यासाठी येऊ नका. माझं तोंड बघायचं नसेल तर मी घरात बसेन, तुम्ही रस्त्यावरूनच जागा दाखवा आणि परत जा. सोमवारी दुपारी साडेबाराच्या सुमाराला भरती पुरी होईल. खणायला सहा तास तरी लागतात, असं साहेब म्हणाले.

हे पत्र रागानं फाडू नका. विठूदादांना दाखवायला लागेल, म्हणून खाली पूर्ण नावानं सही करते.

गोदावरी पांडुरंग घरत