बसता न येणाऱ्या मुली

प्रिय बाबा,

तुमचा फोन दोनदा येऊन गेला, मी उचलला नाही. वर्गात होते असं नंतर कळवलं, ते खोटं होतं. फोनवर तुमच्यापुढे माझं एक वाक्य पुरं होत नाही, म्हणून लिहायला बसले.

चंदाबद्दल तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. तिचं नावही तुम्हाला आठवणार नाही. माझ्या तिसरीच्या वर्गातली, तांड्यावरची मुलगी. आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, ती आजीजवळ, धनीबाईजवळ राहते. जूनमध्ये आली तेव्हा दहा मिनिटंही एका जागी टिकत नव्हती. प्रश्न संपायच्या आत उत्तर, अर्धं गणित सोडून खिडकी, मग शेजारणीची पेन्सिल. आधीच्या गुरुजींनी तिच्याबद्दल लिहून ठेवलं होतं, 'खोडकर, मंद'. ती मंद नव्हती. आरोग्य तपासणीच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, तेव्हा मी आणि धनीबाई मेडशीहून एसटीनं तिला अकोल्याला घेऊन गेलो. तिथल्या डॉक्टरबाई दोन तास तिच्याशी बोलल्या आणि म्हणाल्या, एडीएचडी आहे. लक्ष तिला आहे, ते आवरणं तिच्या हातात नाही.

मी फार काही केलं नाही, बाबा. तिला दारापासून दूर, माझ्या टेबलाशेजारी बसवलं. वीस गणितांऐवजी पाच दिली, ती झाली की वह्या वाटायला उठवलं, मग पुन्हा पाच. एका वेळी एकच सूचना. उभं राहून लिहायचं तर उभं राहून लिही. बाकीची मुलं कुरकुरली, "तिलेच काहून?" मग सगळ्यांनाच पाच-पाच दिली, आणि सगळ्यांचंच बरं चाललं. डिसेंबरात चंदानं धड्याचं अख्खं पान न उठता वाचलं. वाचून झाल्यावर तीच दचकली.

सव्वीस जानेवारीला सरपंचांनी तुम्हाला पाहुणे म्हणून बोलावलं. तुम्ही चाळीस मिनिटं शिस्तीवर बोललात. चंदा तीनदा उठली. तिसऱ्यांदा तुम्ही थांबलात. "कोनाची पोरगी हाय हे? बसता येत नाही का तुले? ये इकडं." आणि अख्ख्या गावासमोर तिला अंगठे धरायला लावलंत, भाषण संपेपर्यंत. तिनं एकदा मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी हातातल्या सूत्रसंचालनाच्या कागदाकडे पाहिलं. चौतीस वर्षांची मी, दुसऱ्यांच्या मुलांना बोलायला शिकवणारी, तुम्हाला "थांबा" म्हणू शकले नाही.

परतताना गाडीत तुम्ही ती गोष्ट पुन्हा सांगितलीत. चौथीत, तुमच्याच वर्गात, मी सारखी उठायचे म्हणून तुम्ही माझ्याच वेणीची रिबीन सोडून माझा पाय टेबलाला बांधला होता, ती. "म्हून तं तू मास्तरीन झाली," म्हणालात आणि हसलात. लग्नाकार्यात ही गोष्ट मी पंचवीस वर्षं ऐकते आहे. तिचा पुढचा भाग तुम्हाला माहीतच नाही. मला लघवीला जायचं होतं आणि विचारायची हिंमत झाली नाही. घरी आईनं माझा परकर धुतला, आणि म्हणाली, "बाबाले सांगू नको." मी सांगितलं नाही. आज सांगते आहे.

अकोल्यात चंदाची प्रश्नावली भरताना माझा हात दर ओळीला अडत होता. गेल्या महिन्यात एकटीच पुन्हा गेले आणि ती माझ्यासाठी भरून आले. उत्तर तेच निघालं. उतू गेलेलं दूध, हरवलेल्या किल्ल्या, अर्धवट सुटलेलं एम.ए., ज्याला तुम्ही जन्मभर आळस म्हणालात. मला वाईट वाटलं नाही. राग आला. पाच गणितं आणि उठायची परवानगी, एवढंच तर हवं होतं.

झेंडावंदनानंतर चंदा शाळेत आली नाही. मी तांड्यावर गेले तर मला पाहून घरामागे पळाली. धनीबाईनं पाणी दिलं आणि म्हणाली, "पोरगी भेते, मॅडम. तुमी तं तिथंच होत्या ना?" चार दिवसांनी तिचा काका, रूपला, तिला आईबापाकडे, उसाच्या फडावर पोचवून आला. हजेरीपटावर तिच्या नावापुढे मी रोज 'गैरहजर' लिहिते.

आता तुमच्या फोनचं. पंच्याहत्तरीनिमित्त इंझोरीला तुमचा सत्कार आहे, स्मरणिका निघते आहे, आणि तिच्यात 'माझे बाबा, माझे गुरुजी' हे पान मी लिहायचं, असा तुमचा निरोप. तीनदा लिहायला बसले. तिन्ही वेळा चंदाची वळलेली मान दिसली. शेवटी जे लिहून झालं, ते हे. छापायचं तर छापा, नाहीतर पान कोरं सोडा. सत्काराला मी येणार नाही. त्या रविवारी मी फडावर जाते आहे, चंदाला परत मागायला. आईबाप पाठवतील की नाही, ती माझ्यासमोर तरी येईल की नाही, ठाऊक नाही. आली, तर गप्प बसल्याबद्दल मी तिची माफी मागेन. तुमच्या वतीनं मागणार नाही. ते तुमचं तुम्ही बघा.

तुमचीच,
निकिता