सुफयानच्या गाडीचं पाणी

२ ऑगस्ट, मंगळवार
आज पाण्याचा दिवस. नळ आठवड्यातून एकदाच येतो, म्हणून आई, आमची यम्मा, सकाळपासून गच्चीवरच्या टाक्यांपाशी. खाली अंगणात सुफयानच्या गाडीखाली हिरवं थारोळं. इंजिन थंड ठेवणारं कूलंट गळतंय. तो गाडी गॅरेजात न्यायला निघाला होता, मी अडवलं. ज्या दारावर ‘इंजिनियर रुदैना’ अशी पितळी पाटी आहे, त्या घरची गाडी गॅरेजात? पाटी वडिलांनी, याबांनी, माझ्या निकालाच्या दुसऱ्या दिवशी ठोकली. घराण्यातली पहिली पदवी. नोकरी अजून नाही, पण ज्ञान काही कुठे जात नाही.
गाडी जुनी जपानी स्पोर्ट्स कार, दोन दारांची. सुफयाननं फ्री झोन या करमुक्त भागातल्या भंगारातून एकेक भाग आणून उभी केली. त्याला वर्षं लागली. १९ तारखेला घाटात शर्यत आहे. अम्मानच्या बशार साहेबांचा संघ तिथे एक ड्रायव्हर निवडणार. निवड झाली तर सुफयान ड्रायव्हर. नाही झाली तर काकांच्या कोंबड्यांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये कायमचा. तो म्हणाला, पुढच्या वर्षी माझ्याकडे कोण बघणार, भाऊ तुझा म्हातारा झाला.
संकल्प: निदान आधी, पाना नंतर.

४ ऑगस्ट, गुरुवार
निदान झालं. रेडिएटरचा वरचा होज पाइप. दाबून पाहिला, मऊ लागला. बाकीचे पाइप तर्कानं बाद केले. इंजिनामागून हीटरकडे जाणारे पाइप तर बघायचीही गरज नाही. आमच्या झरका शहरात ऑगस्टमध्ये हीटर कोण लावतं?
सुफयान म्हणाला, जागेवर चालू ठेवली तर गळत नाही गं, चढावर दाबली की गळते. नोंद घेतली. ड्रायव्हर लोक भावनेच्या भरात बोलतात.

६ ऑगस्ट, शनिवार
नवा पाइप बसवला. अंगणात इंजिन चालू ठेवून पाहिलं. थेंब नाही. याबांनी कुनाफ्याची मिठाई आणून गल्लीत वाटली आणि सगळ्यांना सांगितलं, गॅरेजवाल्यानं आठवडा लावला असता. समोरच्या खाला म्हणाल्या, पोरीची नखं बघा, आता हिला कोण मागायला येणार? याबा म्हणाले, इंजिनियरला मागायला रांग लागते. लागली तर नाही म्हणायचं ठरवलंय.

८ ऑगस्ट, सोमवार
पाणी पुन्हा खाली. अंगण कोरडं. म्हणजे गळती नाही, बाष्पीभवन. या उन्हात माणूस सुकतो, रेडिएटरचं काय.
कूलंट संपलं. डब्यावर बर्फाचं चित्र आहे, ते सुफयानला दाखवलं. हे थंड देशांसाठी असतं. आपल्याकडे सगळे साधं पाणीच भरतात आणि सगळ्यांच्या गाड्या चालतात. टाकीतलं भरलं. यम्मा म्हणाली, बापाला नमाजाआधी वुजूचे हातपाय धुवायला मी तांब्या मोजून देते, आणि तुम्ही त्या लोखंडी रेड्याला बादल्या पाजा. अडाणी बोलणं. पण आई आहे.

११ ऑगस्ट, गुरुवार
ड्रायव्हरच्या पायाखालचा गालिचा ओला. कारण उघड आहे: एसीचं पाणी. तसं सुफयानला समजावलं. तो म्हणाला, एसी मी गेल्या वर्षीच काढून टाकलाय, वजन कमी करायला.
म्हणजे यम्मानं अंगण धुताना दार उघडं राहिलं असणार. यम्मा म्हणाली, अल्लाची शपथ, त्या सैतानाच्या पेटीला मी हातसुद्धा लावत नाही.
काचेवर आतून वाफ धरते, गोडूस वासही येतो. परवा त्यानं गाडीत मागच्या बाजूला कलिंगडं घालून आणली होती. वासाचा उलगडा झाला. वाफेचा होईल.

१३ ऑगस्ट, शनिवार
पाइपांच्या तोंडांवरचे सगळे क्लॅम्प नव्यानं आवळले. एक जरा जास्त आवळला गेला आणि नव्या पाइपाला चीर पडली. दुसरा आणून लावला. शिकणं म्हणतात ते हेच.
सुफयान किल्ली घेऊन दारात उभा होता. म्हणाला, रुदैना, रागावू नकोस, पण एकदा गॅरेजात दाखवून आणतो, शुक्रवार जवळ आला. मी ओरडले नाही. एकच विचारलं: मग मी शिकले कशाला?
तो बराच वेळ पाटीकडे बघत राहिला. मी कॉलेजात जावं म्हणून त्यानं शाळा सोडली होती. मग किल्ली माझ्या हातात ठेवली. म्हणाला, चल इंजिनियरबाई, तू म्हणशील तसं.
आमच्या घरात शिक्षणाला असा मान आहे.

१६ ऑगस्ट, मंगळवार
नळ आला नाही. टाकीचा तळ दिसतोय. यम्मा माझ्याशी बोलत नाही.
दुपारी चाचणी. चढावर निम्म्यात तापमानाचा काटा लाल पट्टीत गेला. सुफयान घाबरला, गाडी बाजूला घेतली. मी बॉनेट उघडलं. माझा पाइप कोरडा, क्लॅम्प घट्ट. म्हणजे पाणी बरोबर आहे आणि काटा खोटा आहे. काटा भंगारातलाच आहे, त्याच्यावर काय विश्वास ठेवायचा. परत येताना सुफयानला बजावलं: शुक्रवारी काट्याकडे बघायचं नाही, लक्ष विचलित होतं. तो म्हणाला, बरं.

१८ ऑगस्ट, गुरुवार
सगळं तयार. मन शांत. सुफयाननं विचारलं, गरम झालीच तर? मी सांगितलं, हीटर पूर्ण उघड. इंजिनाची उष्णता आत खेचली जाते, हे शास्त्र आहे. तो हसला. म्हणाला, हे तर टॅक्सीवाल्यांनाही ठाऊक असतं. मी म्हटलं, त्यांना त्यामागचं कारण ठाऊक नसतं.
जेवताना याबांनी बशार साहेबांच्या संघाला मेजवानी कुठे द्यायची ते ठरवलं. मकलूबाचा भात, त्यात तीन कोंबड्या. यम्मा म्हणाली, आधी पोरगं खाली येऊ दे घाटातून.

१९ ऑगस्ट, शुक्रवार
तिसऱ्या वळणाच्या पुढे. त्यानं काट्याकडे बघितलं नाही. वास यायला लागला तेव्हा हीटर उघडला. हीटरकडे जाणारा पाइप आतल्या बाजूला फुटला. उकळतं पाणी उजव्या पायावर. काच वाफेनं पांढरी. डाव्या पायानं ब्रेक दाबून त्यानं गाडी डोंगराच्या अंगाला लावली.
मोजा काढला, तेव्हा त्याच्याबरोबर कातडीही आली.
आज एवढंच.

२२ ऑगस्ट, सोमवार
सुफयान घरी आला. डॉक्टर म्हणाले, घोट्यापर्यंत जखम खोल आहे, मांडीची कातडी घेऊन लावावी लागेल. पेडल दाबण्याइतका पाय पुढे वळेल की नाही, आत्ता सांगता येत नाही. संघानं इर्बिद शहरातल्या एका मुलाला निवडलं.
दुपारी मी डॅशबोर्ड सोडवला. पाइप पत्र्याच्या भोकातून आत येतो तिथे घासून पातळ झाला होता. तिथून पाणी गालिच्यावर येत असणार. अगदी अवघड जागा. अशी गोष्ट आधी लक्षात येणं कोणालाही शक्य नव्हतं. नवा पाइप घातला, भोकाला रबर लावलं. आता गाडी थेंबभरही गळत नाही.

२४ ऑगस्ट, बुधवार
काका आले होते, पाठोपाठ बशार साहेब. काकांनी खाटेजवळ बसताच तोंड सोडलं: घरात इंजिनियर पाळलाय तो कशाला? मी चहाचा ट्रे घेऊन दारात होते. सुफयान म्हणाला, तिला काही बोलू नका, काका. तिनं बजावलं होतं, काट्यावर नजर ठेव आणि काही झालं तरी हीटर उघडू नकोस. मीच ऐकलं नाही.
याबांनी माझ्याकडे बघितलं, डोळे भरले त्यांचे. मी कपात साखर घातली.
खरं तर विचार करायला आणखी एक दिवस मिळाला असता, तर मी तेच सांगितलं असतं.

२५ ऑगस्ट, गुरुवार
बशार साहेबांचा फोन. त्यांच्या वर्कशॉपला मदतनीस इंजिनियर हवा आहे. म्हणाले, धोका आधी ओळखून तोंडावर सांगणारं माणूस मला हवंय, ड्रायव्हर पैशाला पासरी मिळतात. रविवारपासून ये.
सुफयानला सांगितलं. तो छताकडे बघत होता. म्हणाला, जा. घरातून एक तरी गेलं.
साहेबांना खरं काय ते सांगायचं, हे ठरलेलं आहे. पहिल्याच दिवशी बरं दिसणार नाही. जरा जम बसला की.

२७ ऑगस्ट, शनिवार
साहेबांनी मेसेज केला, भावाच्या पायाचा फोटो असेल तर पाठव, वर्कशॉपातल्या मुलांच्या सुरक्षिततेसाठी लागेल. ड्रेसिंग बदलताना डॉक्टरांना दाखवायला मी काढला होता. सुरक्षिततेच्या कामाला नाही कसं म्हणायचं? पाठवला. सुफयान झोपला होता, म्हणून विचारलं नाही.

२८ ऑगस्ट, रविवार
पहिला दिवस. वर्कशॉप स्वच्छ, हत्यारं सगळी जागच्या जागी. साहेबांनी मुलांना गोळा केलं आणि मला समोर उभं केलं. म्हणाले, ही इंजिनियर रुदैना. हिचं ऐकलं नाही तर काय होतं, ते बघा. आणि त्यांनी पायाचा फोटो उघडून मोबाइल फिरवायला दिला. इर्बिदचा मुलगा बघून म्हणाला, या अल्ला, मूर्खच दिसतो. बाकीचे हसले. पुढच्यानं मोबाइल माझ्या हातात दिला. मी बघितला आणि शेजारच्याकडे सरकवला.